मोठी पुंगळी, चिमूटभर दारू

शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी भाच्याला फोन लावतो. इथं सोलापुरात रात्र, तिकडं टेक्सासात सकाळ. मागं एकदा लावला तेव्हा तो गॅरेजात होता. गाडी बाहेर काढलेली, आत जाडजूड लाकडी टेबल, टेबलाला बोल्टनं आवळलेलं एक हातदाबाचं यंत्र आणि पुढ्यात भोकं पाडलेली लाकडी फळी. भोकाभोकांत बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तोंड वर करून उभ्या. शेजारी त्याची लेक बॅटरी घेऊन एकेका पुंगळीत उजेड टाकून बघत होती. फोन वाजला, त्यानं उचलला, "बोल मामा" म्हणाला. आम्ही बोललो तरी काय. ताईचा गुडघा, यंदाचा उन्हाळा, गड्ड्याच्या यात्रेला येणार का, एवढंच. फोन ठेवता ठेवता बघतो तर हा एकेक पुंगळी उचलून तिच्यातली बंदुकीची दारू परत बाटलीत ओतायला लागलेला. अर्धीअधिक फळी भरून झाली होती. मी म्हटलं, "अरे, काय करालास हे?" तर म्हणाला, "मोजणी तुटली, मामा. आता पहिल्यापासून." "कुठवर आला होतास ते आठवेना का?" "आठवतंय की. पण आठवण्यावर सोडायचं काम नाही हे."

त्या ओतून टाकण्यानं पुढचे कितीतरी दिवस माझं डोकं खाल्लं.

मी मागावरचा माणूस. जॉबर म्हणून, म्हणजे कारखान्यातले माग नीट चालते ठेवण्यात, आयुष्य काढलं. झालेलं काम मोडलेलं मला बघवत नाही. विणलेला हातभर कपडा उसवायचा म्हटलं तरी पोटात कालवतं. आणि हा पोरगा फोन आला म्हणून शांतपणे सगळं मोडून बसला, वर लेकीला म्हणाला, "चल, बॅटरी बंद कर, सेल वाया जातो." चिडला नाही, हळहळला नाही. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम तोच विषय काढला. मग तो शनिवारमागून शनिवार बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. बंदुकीचं मला वेड नाही, उलट थोडी धास्तीच आहे. पण हातानं करायचं कुठलंही बारीक काम असलं की मला त्याच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटतं. हे तसंच निघालं.

तो करत होता ती होती हलकी काडतुसं. त्याच्याकडची रायफल थर्टी-ऑट-सिक्स, ०.३० इंची गोळी आणि १९०६ सालचा जन्म. अमेरिकेच्या लष्करानं दोन महायुद्धं या काडतुसावर काढली. दुकानातलं काडतूस घेतलं तर दहाएक ग्रॅमची गोळी सेकंदाला पावणेनऊशे मीटरच्या आसपास वेगानं सुटते. पुंगळीच्या आत दाब चढतो तो चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत. खांद्याला जो धक्का बसतो त्यानं नवख्या माणसाचे डोळे आधीच मिटतात आणि चाप ओढायच्या आतच नेम हलतो. भाच्याच्या लेकीला नेमबाजी शिकायची हौस. तिच्या खांद्याला ही रायफल कशी झेपायची? म्हणून तो त्याच पुंगळीत नेहमीपेक्षा कितीतरी कमी आणि निराळ्या जातीची दारू घालतो, वर शिशाची ओतीव गोळी बसवतो. वेग येतो निम्म्यावर. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो, हे शाळेतलं गणित. पोरीला धक्का जाणवतो, पण हसू मावळत नाही. कागदावरच्या लक्ष्याला भोक पडायचं तेवढं पडतंच. शिवाय खर्च कमी, नळीची झीज कमी, आवाजही कमी. आवाजाचं त्यानं आणखी एक सांगितलं. गोळी ध्वनीपेक्षा वेगात असेल तर तिचा स्वतःचा एक कडाका हवेत वाजतो, तो बंदुकीच्या बारापेक्षा वेगळा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास; त्याच्या खाली उतरलं की कडाका गेला. मी म्हटलं, आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो तेव्हा हवेत आवाजही जोरात पळतो, ३५५ च्या पुढं. तो हसला. "सोलापूरचं सगळंच तापलेलं, मामा."

पण मला सगळ्यात आधी आठवले ते आमचे थोरले मामा.

त्यांची शेती मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या अंगाला. त्यांच्याकडं ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाचा रीतसर परवाना असलेली. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. त्या बंदुकीचा अर्धा जन्म ठाण्यातच गेला असेल. थंडीत रब्बीच्या ज्वारीत दाणा भरायला लागला की भोरड्यांचे थवे उतरायचे. ज्यांनी सोलापूर भागातल्या भोरड्या पाहिल्यात त्यांना सांगायला नको. संध्याकाळी आभाळात काळं पांघरूण झटकल्यासारखे वळतात आणि पिकावर बसले की कणसं रिकामी करून जातात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचे डबे बडवायचे, आणि हाताशी बंदूक असेल तर एखादा बार. मामा त्या बाराला छर्रे घालत नसत. नुसती दारू आणि वर चिंधीचा बोळा, गजानं ठासून. "पाखरू मारून काय खायचंय? नुसतं उडवायचंय," म्हणायचे. धूर पांढरा, दाट, जरा वेळ पिकावरच रेंगाळणारा, आणि त्याचा तो कुजक्या अंड्याचा वास. मामी लांबून ओरडायची की हुरड्याला वास लागेल. लागत नसे. पण निखाऱ्यावरचा हुरडा, शेंगाचटणी आणि दारूचा धूर हे तिन्ही माझ्या नाकात एकाच कप्प्यात बसलेत, त्याला आता इलाज नाही.

त्या बंदुकीच्या गजावर मामांनी कानशीनं एक खूण केलेली होती. नळी रिकामी असली की गज आत कुठवर जातो त्याची. बार भरायच्या आधी गज घालून बघायचे; खूण नळीच्या तोंडाशी आली नाही म्हणजे आत आधीच काहीतरी आहे. मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याची खोड. स्वतःच्या हातानं भरतो आणि स्वतःलाच विचारतो. भाच्यानं फळी ओतली तेव्हा ती खूण डोळ्यांपुढं उभी राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गची लढाई झाली. लढाईनंतर रणांगणावरून सुमारे साडेसत्तावीस हजार ठासणीच्या बंदुका गोळा केल्याची नोंद आहे. त्यातल्या जवळपास चोवीस हजार भरलेल्याच होत्या, आणि त्या भरलेल्यांतल्या निम्म्या बंदुकांत एकावर एक असे दोन बार ठासलेले होते. काहींत तीन, काहींत त्याहून जास्त. धूर, आरडाओरडा, शेजारचा पडतोय. अशात आपला बार उडाला की नुसती ठिणगी देणारी टोपीच फुटली हे माणसाला कळलंच नाही, तो पुढचा बार ठासत राहिला. हे वाचल्यावर मामांच्या खोडीला मी खोड म्हणायचं सोडलं.

आता यात खरी अडचण कुठं आहे ती सांगतो. पुंगळी तीच, मोठी. आत जाणारी दारू चिमूटभर. नेहमीच्या भरणीत दारू पुंगळीच्या खांद्यापर्यंत येते, त्यामुळं दुप्पट पडली तर ती बाहेर सांडते आणि आंधळ्यालाही कळतं. हलक्या भरणीत तळाशी जेमतेम थर दिसतो. त्यात चुकून दुसऱ्यांदा माप पडलं तरी ते सुखानं मावतं, वर गोळी बसते, काडतूस बाहेरून अगदी गुणी दिसतं. आणि ही दारू झटकन पेटणाऱ्या जातीची, पिस्तुलाची नाहीतर छर्ऱ्याच्या बंदुकीची. दुप्पट झाली तर रायफल फुटते, तोंडाशी, गालाला टेकलेली असताना. म्हणून ती पोर बॅटरी घेऊन बसते. म्हणून फोन आला की सगळं ओतायचं. कुठवर आलो होतो ते त्याला आठवत होतं हे खरं, पण उलटून पडल्यावर "मला नीट आठवत होतं" याला काय किंमत? दुप्पट पडली की लगेच दिसावं म्हणून अमेरिकेत 'ट्रेल बॉस' नावाची एक फुगीर दारू निघाली होती. तिचे दाणे मधे भोक असलेल्या चकत्यांचे. वजन थोडं पण जागा भरपूर अडवणारे. काऊबॉयच्या जुन्या धर्तीच्या नेमबाजी स्पर्धांसाठी काढली, पण हलकी काडतुसं भरणाऱ्या सगळ्यांनीच उचलली. भाचा म्हणतो आता ती बाजारात मिळता मिळत नाही, आणि ज्यांच्याकडं डबा उरलाय ते सांगत नाहीत.

मी विचारलं, मग नेहमीचीच दारू थोडी कमी घालावी, ही झटपट पेटणारी कशाला घ्यायची? इथं मला वाटलं होतं की आपण फार शहाणा प्रश्न विचारला. तो म्हणाला, तेच करायचं नसतं. रायफलची दारू सावकाश जळणारी असते. तिचे दाणे जाड, वरून मंदावणाऱ्या द्रव्याचा लेप दिलेला. गोळी नळीत पुढं सरकत जाते, जागा वाढत जाते, आणि दारू जळत जळत तो दाब टिकवत राहते. तिला नीट जळायला मुळात मोठा दाब लागतो. ती फार कमी घातली तर कधी अर्धवट जळते, कधी रेंगाळून पेटते, आणि क्वचित कधी तर कमी दारूनं भलताच दाब चढून चांगल्या रायफली फुटल्याच्या हकिकती आहेत. का, यावर त्या क्षेत्रातली माणसं अजून भांडतात. प्रयोगशाळेत हवं तेव्हा घडवून दाखवणं अवघड गेलंय. म्हणून छापील कोष्टकांत जी खालची मर्यादा दिलेली असते ती वरच्या मर्यादेइतकीच कडक मानायची. पातळ चकत्यांची झटपट दारू मात्र थोड्या दाबातही पूर्ण जळते, चटकन जळून संपते. कमी जोर हवा असेल तर चपळ दारू घ्यावी लागते, हे मला पचायला वेळ लागला.

गड्ड्यानं ते पचवलं. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. नंदीध्वजांच्या मिरवणुका झाल्या, अक्षता झाल्या, होम झाला, की हे दारूकाम बघायला सगळं गाव लोटतं. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते बघितलंय, नंतर माझ्या खांद्यावर हाच भाचा बसला. एका वर्षी दुपारीच मैदानावर जाऊन आम्ही मांडणी करणाऱ्यांच्या कडेनं रेंगाळलो होतो. एक म्हातारा कागदी नळीत मसाला भरून लाकडी दांडक्यानं ठोकत होता, थोडा भरायचा, ठोकायचा, पुन्हा थोडा. मी विचारलं, एवढं ठोकता कशाला? म्हणाला, सुटा राहिला तर धडाम करतो, ठोकला तर फुलतो. तोच मसाला. सुट्या भुकटीत दाण्यादाण्यांच्या फटींतून आग एकदम आरपार जाते. दाबून घट्ट केला की वरच्या थराला जळायला लागतं, मग खालच्या. जळायला किती पृष्ठभाग उघडा आहे त्यावर सगळा खेळ. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यानं बिनधुराची दारू केली तेव्हापासून कारखान्यांनी हेच केलं, फक्त दांडक्यानं ठोकायच्या ऐवजी दाण्याला आकार देऊन: पातळ चकती, काडी, मधे भोक असलेली काडी. त्या म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत करडे झालेले होते. शेजारी पाण्याची बादली होती आणि विडी ओढणाऱ्याला तो लांबूनच शिव्या घालत होता, निवडक, कानडीत.

गोळी अडकण्याचं मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीच्या मधेच रुतून बसते. बार फुसका वाटतो, माणूस दुसरं काडतूस भरतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते. हे ऐकताना मी थेट मागावर होतो. साध्या यंत्रमागावर धोट्याला, म्हणजे बाण्याचा आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या तुकड्याला, फटका देणारी काठी असते. फटका जास्त बसला तर धोटा पलीकडच्या पेटीवर आपटून मागं उसळतो, बाण्याचा धागा सैल पडतो. फटका कमी पडला तर धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांच्या दोन थरांच्या मधेच राहतो. तेवढ्यात फणी पुढं आली की धोट्यासकट शेकडो धागे तुटतात आणि त्या तुटलेल्या ताण्यासमोर दोन माणसं दिवसभर गाठी मारत बसतात. म्हणून धोटा वेळेत पेटीत पोचला नाही तर माग दाणकन स्वतःच थांबतो, अशी रचना असते. नवा कामगार फटका वाढवून घ्यायला यायचा. धोटा अडकायला नको म्हणून. मी म्हणायचो, अरे वाढवतो, पण काठी तुटेल, धोटा उडून कुणाच्या तरी कपाळात बसेल. कमी करणारा कधीच आला नाही माझ्याकडं. कमी फटक्यावर माग नीट चालवायचा तर चामड्याच्या पट्ट्यापासून पेटीच्या कुशीपर्यंत सगळं जागच्या जागी लागतं, जरा ढिलाई चालत नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "रायफलला तो दाणकन थांबण्याचा भाग नाहीये, मामा." म्हणून तो बार ऐकतो. आवाज जरा जरी वेगळा वाटला की थांबायचं, बोल्ट उघडायचा, नळीतून उजेड दिसतो का बघायचं. पुंगळीतली चिमूट तळाला आडवी पसरली आहे की मागच्या ठिणगी देणाऱ्या टिकलीशी गोळा झाली आहे यावरही वेग बदलतो, म्हणून तो दर बाराला रायफल एकाच पद्धतीनं उचलतो. लेकीलाही तीच सवय लावलीय. बघणाऱ्याला ते पूजेसारखं वाटावं.

जोर कमी करायची ही गोष्ट नवी नाही, आणि तिच्यामागं नेहमी खांद्याची काळजी होती असंही नाही. अमेरिकी लष्कराच्या १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलला सत्तर ग्रेन काळी दारू असे, पण घोडदळाच्या आखूड कार्बाइनला त्याच पुंगळीत पंचावन्न. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्रीचंही तेच. रायफलला पंच्याऐंशी ग्रेन, कार्बाइनला सत्तर. (ग्रेन म्हणजे एका ग्रॅमचा पंधरावा भाग. सराफ कट्ट्यावरच्या जुन्या माणसांना सांगायचं तर एका गुंजेत दोन ग्रेन जवळपास बसतात.) थर्टी-ऑट-सिक्समध्येही पहारेकऱ्यांसाठी 'गार्ड' नावाचं मुद्दाम हलकं काडतूस निघालं होतं, वस्तीत गोळी माणसापार होऊन तिसऱ्याला लागू नये म्हणून. आणि आपल्याकडं? आपल्याकडं ब्रिटिशांनी ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्यांतले गोळीला गिरकी देणारे आटे काढून त्या गुळगुळीत केल्या, .३०३ च्या पुंगळीची मान काढून तिचं .४१० मस्केटचं काडतूस केलं आणि ते पोलिसांच्या नि तुरुंगाच्या पहाऱ्याच्या हातात दिलं. त्यांचं गणित सरळ होतं. बंदूक देशी शिपायाच्या हातात द्यायची, पण ती उद्या उलटली तर आपल्या रायफलीच्या पल्ल्यापर्यंत पोचता कामा नये. कमी जोराची ही दोन काडतुसं माझ्या मनात शेजारी शेजारी ठेवली की मला चैन पडत नाही. एकात पोरीच्या खांद्याची काळजी, दुसऱ्यात साम्राज्याची.

सोलापुरात बंदुकीचा विषय फार वेळ हौसेचा राहत नाहीच. १९३० च्या मे महिन्यातला ब्रिटिशांचा गोळीबार, मग मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. चार पुतळ्यांच्या चौकातून मी रोज कामाला गेलो. त्या तारखेला पुतळ्यांना हार पडतात आणि त्याच आठवड्यात होम मैदानावर दारूकामाची मांडणी सुरू असते. एकाच गावातली, एकाच आठवड्यातली दारू. मी कुठल्याही वर्षी त्याचा फार विचार केला नव्हता. भाच्याशी बोलायला लागल्यापासून करतो.

शिशाबद्दल मात्र मला त्याच्यावर थोडा राग आला. ओतीव गोळीला नुसतं मऊ शिसं चालत नाही, नळीला थापलं जातं. त्यात अँटिमनी आणि कथील हवं. ते आयतं कशात मिळतं, तर छापखान्याच्या जुन्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत. तिकडं लोक बंद पडलेल्या छापखान्यांचे खिळे किलोवर घेतात, वितळवतात, गोळ्या ओततात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, कधी मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं. बंद झाला तेव्हा खिळ्यांच्या पेट्या हातगाडीवर भंगारात गेल्या; जोडाक्षरं, वेलांट्या, सगळं एकत्र. अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं त्यातला एक श्री काढून खिशात घातला होता. ते खिळे पुढं कुठल्या बॅटरीत गेले की कशात, कोण जाणे. भाचा म्हणाला, "मामा, तसेही वितळणारच होते." खरं होतं. तरी मला आवडलं नाही, आणि का आवडलं नाही हे त्याला पटेल असं सांगताही आलं नाही. मी विषय बदलून भाकरीचं विचारलं.

आपल्याकडं हे असलं घरात करणं म्हणजे सरळ गुन्हा. १९५९ चा शस्त्र कायदा त्या बाबतीत स्पष्ट आहे, परवान्याशिवाय काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणंच. ते बरंच आहे असं माझं मत. आपल्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर एकेक फळी आणि बाटली असती तर मी केव्हाच गाव सोडलं असतं. भाच्याला हे मत माहीत आहे. तोही वाद घालत नाही. पण मला त्याचं हे सगळं रासवट वाटत नाही, हेही मी त्याला सांगितलंय. ज्याला मोठा बार काढायचा आहे तो दुकानातून डबा आणतो आणि बार काढतो. हा माणूस आठवड्याची एकच मोकळी सकाळ घालवून त्या बाराचा जोर काढून घेत बसतो, एकेक पुंगळी उजेडात बघतो आणि मामाचा फोन आला की सगळं ओतून पुन्हा मांडतो. कारखान्यात असा एक जरी माणूस हाताखाली मिळाला असता तर मी चार वर्षं उशिरा म्हातारा झालो असतो. मात्र बंदूक ती बंदूकच. हलकी केलेली गोळीही माणसाला लागली तर माणूस मरतो. चौथाई जोर हा शब्द कागदाच्या लक्ष्यासमोर ठीक आहे. हे मी बोललो तेव्हा तो म्हणाला, "माहितीये. म्हणूनच तिला आधी नळीचं तोंड कुठं धरायचं ते शिकवलं, गोळी नंतर."

मधे एकदा नातीनंच फोन हिसकावून घेतला. मराठी तिचं मोडकं, पण बोलते. तिला कागदाचं लक्ष्य दाखवायचं होतं; मधल्या काळ्या गोलात तीन भोकं, एक जरा बाहेर. बाहेरचं भोक का पडलं तेही तिनंच सांगितलं, शिंक आली होती. मी विचारलं, मोठा बार काढावासा वाटतो का? म्हणाली, बाबा म्हणतो अजून नाही. आणि तुला? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, मला बॅटरीवालं काम जास्त आवडतं. मला त्या उत्तराचा इतका आनंद झाला की मी तो तिच्यासमोर दाखवला नाही, नाहीतर ती मामाआजोबांना खूश करायला तेच म्हणत राहिली असती.

ताईला यातलं काही माहीत नाही. शनिवारी गॅरेजात मुलगा सुतारकाम करतो, असं तिला वाटतं, आणि टेबल बघून तसं वाटावंही. गेल्या दिवाळीत तिनं त्याला देवघर करून पाठव म्हणून सांगितलंय. तो आता खरंच लाकूड शोधतोय. सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कुणी, यावर आमचं दोघांचं अजून ठरलेलं नाही. मी लिहितो ते ती वाचत नाही, अक्षर बारीक असतं म्हणते, तेव्हा इथं लिहायला हरकत नव्हती.